एकच असं कारण नसतं

"डोक्याला कधी मार लागला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि बाबा म्हणाले, "नाही."

प्रश्न काही खास नव्हता. त्याच्या आधी रक्तदाबाचं विचारून झालं होतं, साखरेचं झालं होतं, झोप लागते का, ऐकू कमी येतं का, शिक्षण किती, माहेरी कुणाला असा त्रास होता का, सगळं झालं होतं. आईच्या शेजारी खुर्चीच्या अगदी कडेवर सरकून बसलेले बाबा, तोंडी परीक्षेला तयारीने आलेल्या मुलासारखे, एकेकाचं उत्तर देत होते. रक्तदाब आहे, गोळी चालू आहे, मी स्वतः देतो. साखर नाही. डाव्या कानाने कमी येतं, बऱ्याच वर्षांपासून. मार? नाही. पुढचं विचारा. खोलीत खुर्च्या दोनच, म्हणून बारकी मागे भिंतीला टेकून उभी होती. पन्नाशी उलटली होती तिची, केस पिकले होते, तरी घरात ती बारकीच. तिला बाबांचा चेहरा दिसत नव्हता. नुसती मान दिसत होती, कालच कातरून आणलेली, स्वच्छ. त्या मानेकडे ती बघत राहिली. 'नाही' म्हणायच्या आधी ती मान जराशी अडखळेल, एखादी शीर हलेल, काहीतरी होईल, असं तिला वाटलं होतं. काही झालं नाही. 'साखर नाही' मधलं 'नाही' आणि हे 'नाही', दोन्ही एकाच आवाजात आले. उजव्या हाताने समोरच्या माणसाला मारलं की ते डाव्या कानावर बसतं, हे सांगायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण बारकीही काही बोलली नाही. तिने तोंड उघडलं होतं खरं. तेवढ्यात आई डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "हे माझं फार करतात हो," आणि डॉक्टरीणबाई हसल्या, बाबा खाली बघून हसले, आणि त्या हसण्यात बारकीचं उघडलेलं तोंड पुन्हा मिटलं गेलं. मग डॉक्टरीणबाईंनी पेन बाजूला ठेवलं आणि रोज दहा घरांना सांगत असाव्यात तसं सांगितलं, की एकच असं कारण नसतं. बऱ्याच गोष्टी मिळून हा आजार होतो. काही आपल्याला कळतात, काही कधीच कळत नाहीत. कुणाला दोष देऊन उपयोग नसतो. बाबांनी मान डोलावली. इतकी मनापासून डोलावली की बारकीला बाहेर जाऊन पाणी प्यावंसं वाटलं.

परतीच्या टॅक्सीत बाबांनी आईचा पट्टा लावला, तिचा स्वेटर पट्ट्यात अडकला होता तो हळूच सोडवला, आणि टॅक्सीवाल्याने आरशातून बघत विचारलं, "मास्तर ना तुम्ही? मला ओळखलं नसेल. मला तुम्हीच पोहायला शिकवलंत." असं होतंच. निम्म्या शहराला बाबांनी पोहायला शिकवलं होतं. सार्वजनिक तलावावर सगळी हयात गेली त्यांची. रस्त्यात, बँकेत, दवाखान्याच्या रांगेत कुठून तरी एखादा टक्कल पडलेला इसम पुढे येतो आणि मास्तर म्हणून हात जोडतो. बारकीनेही त्यांना तलावावर बघितलं होतं. लहानपणी शाळा सुटली की ती तिथे जाऊन पायऱ्यांवर बसायची. पाण्याला भिऊन गळा काढणाऱ्या पोरांच्या पोटाखाली बाबा आपला रुंद पंजा ठेवायचे आणि म्हणायचे, हात आहे ना माझा, मग कशाला भितोस, मी सोडणार नाही. आणि खरंच सोडत नसत. पोरगं स्वतःहून तरंगायला लागलं तरी पंजा पाण्यात तसाच, बोटभर अंतरावर. बारकी तो पंजा बघायची. घरी हाच पंजा येतो, हे तिला माहीत होतं. आणि या दोन गोष्टी कशा एकत्र ठेवायच्या ते तिला तेव्हा कळलं नाही, आणि पुढेही कळलं असं म्हणता येणार नाही. ती स्वतः पोहायला कधी शिकली नाही. मास्तरांची मुलगी आणि पोहता येत नाही, यावर सगळे हसायचे, बाबाही हसायचे. टॅक्सीवाला पैसे घेईना. बाबांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

मग कारणांचे दिवस सुरू झाले. आजाराचं नाव कळलं की घराला कारण लागतं; नुसत्या नावावर कुणाचं भागत नाही. दुसऱ्या शहरात राहणारा दादा फोनवर म्हणाला की रक्तदाब, दुसरं काही नाही, मी केव्हापासून सांगत होतो, मीठ बंद करा. मावशी म्हणाली, मीठबीठ काही नाही, तुझा दादा घर सोडून गेला ना, तेव्हापासून ती आतल्या आत मिटत गेली, मी बहीण आहे तिची, मला कळतं. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी जिन्यात गाठून सांगितलं की केसांना लावायचे ते काळे रंग डोक्यात उतरतात. बाबांचं मत असं, की तिने डोक्याला कधी काम दिलं नाही. "मी म्हणायचो तिला, शब्दकोडं सोडव, पेपर वाच. वापरलं नाही की गंजतं." डोक्याला काम, हे शब्द त्यांनी अगदी सहज वापरले आणि हातातल्या कपातला चहा फुंकला. बारकीच्या लक्षात आलं की प्रत्येकाने आपापलं कारण चप्पल घेताना निवडतात तसं निवडून घेतलं आहे: घालून, दोन पावलं चालून, आपल्याला कुठे चावत तर नाही ना हे बघून. दादाला मावशीचं कारण चालत नव्हतं, मावशीला दादाचं. आणि आपलं? आपल्यालाही आपलंच कारण हवं आहे, हे तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं नुसतं पडून राहिलेलं काहीतरी आता एकदम उपयोगाला आलं होतं. आईचा आजार ऐकून तिला रडू आलं होतं, पण त्या रडण्याच्या पाठीमागे, एखाद्या हिशेबी माणसासारखा, एक विचार उभा होता: आता तरी कुणीतरी विचारेल. आणि विचारलंही होतं. आणि ते उत्तर एका शब्दात संपलं होतं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. दिवसभर तिच्यासमोर माणसांचे जबडे मांडलेले असत, प्लास्टरचे, पिवळट पांढरे, प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीने नंबर. कुणाचा एका बाजूने झिजलेला, कुणाचा पुढे आलेला, कुणी झोपेत दात खाऊन खाऊन सपाट केलेला. तिथे बोलणं फारसं नसे. यंत्रांची घरघर, वितळलेल्या मेणाचा वास, नाकावर मास्क. गुलाबी हिरडीत एकेक दात बसवताना तिचा हात काम करायचा आणि डोकं मोकळं सुटायचं, आणि मोकळं सुटलं की ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी जायचं. जुन्या घरातली स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधली भिंत. तिथून येणारा आवाज काही मोठा नसे. जाड पुस्तक टेबलावर ठेवावं तसा आवाज. पुस्तक पुन्हा उचलावं, पुन्हा ठेवावं. ती आणि दादा आतल्या खोलीत. दादा मोठा, तो उठून रेडिओचं बटण पिळायचा. बाबा दारू पीत नसत. प्यायले असते तर निदान दारूवर ढकलता आलं असतं. भाजी गार झाली, किल्ली जागेवर नव्हती, माहेरच्या कुणाबद्दल ती काहीतरी बोलली, किंवा काहीच बोलली नाही. मग ते दोन मिनिटांत संपायचं आणि बाबा हात धुऊन जेवायला बसायचे आणि दादाला शाळेतलं विचारायचे. आईचे वरचे पुढचे दोन दात गेले तेव्हा बाथरूममध्ये पाय घसरला होता. दंतवैद्याला तसंच सांगितलं, शेजारी तसंच सांगितलं, आणि दादाला आणि बारकीलाही आईने तसंच सांगितलं, जणू ती दोघं तिथे नव्हतीच. पण संध्याकाळी सुजलेल्या ओठांनी भांडी पुसता पुसता तिने बारकीला जवळ घेतलं आणि ऐकू येईल न येईल असं म्हणाली, "तू बघितलंस ना? बघितलंस, एवढं पुरे." बस, एवढंच. पुन्हा त्या विषयावर मायलेकींमध्ये आजतागायत अवाक्षर नाही. पण बारकीला वाटायचं की त्या दिवशी आईने आपल्याला कामाला लावलं. बघून ठेवण्याचं काम. आई म्हातारी झाली, बाबा म्हातारे झाले; मधल्या एका वर्षी ते सगळं थांबलं, लोक सिगरेट सोडतात तसं बाबांनी ते सोडलं, का सोडलं हे कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. लोक सिगरेट सोडली तर निदान चार जणांना सांगतात. घर शांत झालं आणि शांतच राहिलं. आणि बारकीचं काम काही संपलं नाही. लग्न राहून गेलं, दोन स्थळं आली आणि गेली, तिने एका खोलीचं घर घेतलं, आणि आतमध्ये कुठेतरी ती भिंत तशीच उभी.

आता संध्याकाळी लॅब सुटली की ती आईबाबांकडे जायची, आईला भरवायची, अंग पुसायची आणि आपल्या घरी परतायची. बाकी दिवसभराचं बाबा करत. आणि नीट करत. नाव ठेवायला जागा नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण आईचे केस रोज विंचरत होता, नखं कापत होता, तिचा मोजा उलटा झाला तर खाली वाकून सरळ करत होता. खालच्या शिक्षिकाबाई म्हणायच्या, असा नवरा मिळायला भाग्य लागतं, आणि बारकी म्हणायची, हो ना. आणि आई बाबांच्या प्रेमात पडली होती. याला दुसरा शब्द नाही. हा आपला नवरा आहे हे तिला कधी आठवायचं, कधी नाही. ज्या दिवशी आठवत नसे त्या दिवशी प्रेम जास्त. "हे गृहस्थ फार चांगले आहेत," ती बारकीच्या कानाशी लागून सांगायची, गालांवर मुलीसारखी लाली. "यांना जेवायला ठेवून घे. एवढं करतात आपलं." बाबा खोलीबाहेर गेले की ती दाराकडे बघत बसायची. आले की चेहरा उजळायचा. आयुष्यभर या माणसाच्या पावलांचा अंदाज घेत जगलेली बाई आता ती पावलं ऐकून खुलत होती, आणि हे बघून बरं वाटायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या मुलीला बरं वाटलं असतं. बारकीला वाटायचं की आपल्याला लुबाडलं आहे. बाबा सुटले. कुणी खटला भरला नाही, कुणी माफ केलं नाही, माफी मागावी लागली नाही. फिर्यादीलाच गुन्हा आठवेना, आणि आरोपी तिचे केस विंचरतोय. साक्षीदार तेवढा ताटकळत उभा, घामाघूम, हातात काही नाही.

म्हणून तिने विचारायला सुरुवात केली. पहिल्यांदा अगदी सहज. बाबा संध्याकाळी खाली चक्कर मारायला गेले होते, ती आईला भरवत होती, आणि तिने विचारलं, "आई, तुझे हे पुढचे दात कसे गेले गं?" आईने जिभेने ते नंतर बसवलेले दात चाचपले. "गेले?" म्हणाली. "आहेत की." दुसऱ्या दिवशी: "कुणी पाडले तुझे दात?" "कुणी?" असं आईनेच उलट विचारलं, गोष्ट ऐकायला बसलेल्या मुलासारखं. मग रोज थोडं थोडं. भिंत आठवते का जुन्या घरातली? तुझं डोकं भिंतीवर आपटायचे, आठवतं? कुणी आपटायचं? सांग, कुणी? बारकीचा आवाज हळू असे, चमचा हळू असे, एक घास, एक प्रश्न. आई तिच्या तोंडाकडे बघत राहायची, भुवया आवळून, आणि कधी कधी तिचा हात उचलून डाव्या कानाकडे जायचा. तो हात बघितला की बारकीला आत कुठेतरी समाधान व्हायचं, आणि त्या समाधानाची लगेच शिसारी यायची. हे बरोबर नाही, हे तिला कळत होतं. बरी झालेली जखम आपण नखाने उकरतोय, आणि तीही स्वतःची नाही. चांगली सुखात आहे ती, राहू दे. बसस्टॉपवर ती स्वतःला असं बजावायची, आणि दुसऱ्या दिवशी बाबा चप्पल घालून खाली गेले की तोंडातून पुन्हा तेच निघायचं. एक नाव तिला ऐकायचं होतं. एकदाच, आईच्या तोंडून. मग ती विसरली तरी चाललं असतं.

एका संध्याकाळी बारकी आत आली आणि आई उठून बाबांच्या खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी कुणाला काही वाटलं नाही. अशी लहर त्या आजारात येते म्हणतात. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. बारकीच्या हातचा घास ती तोंडात धरून ठेवायला लागली, गिळेना. पाठ पुसायला हात लावला की अंग चोरायला लागली. बारकीला सगळं कळत गेलं, एका क्षणात नाही, पायाला थंडी चढत जावी तसं. भीती आईने कुठेतरी जपून ठेवली होती. चेहरा तेवढा गेला होता तिच्यावरचा. मग रोज संध्याकाळी कुणीतरी येऊन त्या भीतीशी बोलायला लागलं, तिला हाका मारायला लागलं, भिंत, डोकं, कुणी आपटलं. आणि भीती उठून आली आणि तिला समोर जो चेहरा दिसला तो तिने घातला. की असं काही नसेलच, आजार नुसता पुढे सरकला असेल? डॉक्टरीणबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, एकच असं कारण नसतं. बारकीने विचारलं नाही. प्रश्न विचारणं तिने बंद केलं होतं, पण आता उशीर झाला होता.

दादा आला तो शनिवारी दुपारी. बऱ्याच महिन्यांनी आला होता. पोट सुटलं होतं, आईसाठी मऊ शाल आणली होती. बाहेरच्या खोलीत चौघं बसले. बाबा आईशेजारी सोफ्यावर, मांडीवर ताटली घेऊन संत्रं सोलत होते, एकेक फोड, वरचा पांढरा दोरा काढून, बी काढून तिच्या हातात देत होते. आईच्या कपाळावर उजवीकडे निळसर डाग होता. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं, त्यावर आपटली होती, तीन-चार दिवसांपूर्वी. दादाने विचारलं, "हे काय लागलं गं, आई?"

आईने बारकीकडे पाहिलं. मग दादाकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत म्हणाली, "ही माझं डोकं भिंतीवर आपटते."

शब्द बारकीचेच होते. एकेक शब्द चमच्याने भरवलेला.

"बारके?" दादा म्हणाला.

"कपाटाचं दार लागलंय तिला. बाबांना विचार."

दादाने बाबांकडे पाहिलं. बाबा संत्र्याची फोड उजेडात धरून बी शोधत होते. ती सापडली, त्यांनी ती काढून ताटलीच्या कडेला ठेवली. "दार लागलं असेल," ते म्हणाले. "मी आत होतो तेव्हा." मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात, "हे बघ, तीही दिवसभर राबून येते. आईचं करणं सोपं नाही. एखाद्या वेळी सुटतो माणसाचा हात. मी काही बोललो नाही तिला. बोलणारही नाही."

बारकी त्यांच्याकडे बघत राहिली. या वेळी चेहरा समोर होता, नुसती मान नव्हती. त्यात काहीतरी लपवाछपवी असावी, डाव असावा, डोळ्यांच्या कोपऱ्यात निदान एक चुटपुट असावी म्हणून ती शोधत राहिली, बाबा बी शोधत होते तशी. आणि तिला दिसलं की तिथे काहीच नाही. ते तिला माफ करत होते. मनापासून. स्वतःच्या मुलीने म्हाताऱ्या आईवर हात उगारला असेल, तरी मोठ्या मनाने समजून घेणारा बाप तिच्यासमोर बसला होता, आणि त्याला खरोखरच दुसरं काही आठवत नव्हतं. त्यांचं डोकं शाबूत होतं. मागच्याच महिन्यात तपासून घेतलं होतं. तलावावरच्या पोरांची नावं ते आडनावासकट सांगायचे. विसरायला माणसाला आजारच व्हावा लागतो असं नाही.

"दादा," ती म्हणाली, "तुला आठवत नाही?"

"काय?"

"रेडिओ कोण मोठा करायचं?"

दादाचा चेहरा जरा जड झाला. त्याने शालीची घडी केली, पुन्हा मोडली. "आता ते कशाला?" तो म्हणाला. "तो काळ वेगळा होता. घरोघरी थोडंफार व्हायचंच. ते आणि हे वेगळं आहे."

"हे म्हणजे कुठलं? मी आईला मारते, हे?"

"मी असं म्हटलं का? मी म्हणतो, तू दमलीयेस. आपण बाई ठेवू दिवसभराची. तू थोडे दिवस संध्याकाळचं येऊ नकोस."

"आपण ज्याबद्दल बोलतोय ते बाबांना विचार ना एकदा. माझ्यासमोर विचार. बाबा, आईचे दात कसे गेले?"

"बाथरूममध्ये पडली होती ती," बाबा म्हणाले. "तू लहान होतीस."

"मी लहान होते. आंधळी नव्हते." आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं, आणि तो आवाज ओळखीचा होता, तो तिचा नव्हता, पण आता तो खाली येईना. "तुम्ही मारलंत तिला. तुम्ही. भिंतीवर धरून. कान तुम्ही फोडलात तिचा, आणि डॉक्टरांनी विचारलं तर नाही म्हणालात, एका शब्दात, नाही. आणि आज मला माफ करताय?"

बाबांच्या हातातली फोड तशीच राहिली. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. काहीतरी ते म्हणणार होते. काय म्हणणार होते ते कुणालाच कळलं नाही, कारण तेवढ्यात आई उठली.

ती घाईने उठली, पण घाबरलेली नव्हती; कामाची आठवण झाल्यासारखी उठली. मधल्या टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेली आणि तिने खिडकी लावली, कडी सरकवली. मग दुसरी लावली. बाल्कनीचं दार ओढून घेतलं, पडदा सारखा केला. कितीतरी दिवसांत तिच्या हातांनी एकही काम असं सरळ केलं नव्हतं. बटण लावताना बोटं भांबावून जायची, इथे एकदाही चुकली नाहीत. बाहेरच्या रस्त्याचा आवाज बंद झाला. दादा बसल्या जागी पांढरा पडला होता. जुन्या घरात आधी हेच व्हायचं, आवाज चढला की आधी खिडक्या, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून, रेडिओ नंतर. इतकी वर्षं बारकी खिडक्या विसरून गेली होती. बघून ठेवायचं काम केलेली ती, तिच्याकडूनही एवढं निसटलं होतं. सगळं बंद करून आई परत आली. बाबांसमोरून गेली, त्यांच्याकडे न बघता. बारकीसमोर येऊन थांबली. दोन्ही हातांनी तिने चष्मा काढला, काड्या मिटल्या, टेबलावर आत सरकवून ठेवला, पडून फुटणार नाही असा. आणि मान एका बाजूला जराशी वळवून, डावा कान खांद्याकडे झुकवून उभी राहिली.

"आई, चष्मा घाल," बारकी म्हणाली.

"आधी होऊन जाऊ दे," आई म्हणाली.

बारकी खाली बसली. गुडघे दुमडून सरळ फरशीवर, आईच्या पायांशी, आणि हात मांडीवर उताणे ठेवले, दिसतील असे. उठायचं कसं हे तिला सुचत नव्हतं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाबा उठले. बारकीला वाटलं, आता. पण ते एकेक करून खिडक्या उघडायला लागले. पहिल्या खिडकीची कडी त्यांना सरकवता येईना, बोटं घसरत होती. ते बराच वेळ तिच्याशी झटत राहिले, पाठ खोलीकडे. हवा आत आली, रस्ता आत आला. आई तशीच उभी होती, डोळे मिटून. मग पाय दुखायला लागले असतील, ती सोफ्यावर बसली आणि ताटलीतल्या संत्र्याच्या फोडीकडे बघून म्हणाली, "हे कुणी सोललं?"

बाई ठेवली दादाने. जाडजूड, हसरी, आधी दवाखान्यात कामाला होती. दादा जाताना जिन्यात बारकीला म्हणाला, "आता उकरून काय मिळणार आहे तुला? त्यांचं वय बघ." त्याचे डोळे सुजलेले होते. रडायचं असेल तर त्याच्या त्याच्या घरी रडू दे, असं तिला वाटलं. बाबा संध्याकाळी फोन करत. आज व्यवस्थित जेवली, म्हणायचे. आज अजिबात घाबरली नाही. एकदा म्हणाले, "बारके," आणि गप्प राहिले, इतका वेळ की तिने दोनदा हॅलो म्हटलं. मग म्हणाले, "जेवलीस का?" ती म्हणाली, जेवले. लॅबमध्ये नंबर लावलेले जबडे येत होते आणि जात होते. डॉक्टरीणबाईंनी माहेरचं विचारलं होतं, ते तिला अधूनमधून आठवायचं. म्हणजे आपलीही पाळी येऊ शकते. पूर्वी हा विचार आला की ती घाईने दुसरं काहीतरी हातात घ्यायची. आता ती दात बसवता बसवता शांतपणे हिशेब करायची: आई गेली, बाबा गेले, दादा तर आताच नसल्यासारखा, आणि आपल्यालाही हे झालं, की ते घडलंच नाही. इतकं सोपं आहे ते.

एका रविवारी ती गेली. बाईने दार उघडलं. बाबा आईमागे उभे राहून तिचे केस विंचरत होते, आणि बारकीला बघताच आई खुर्चीत ताठ झाली. पळाली नाही. उठून उभी राहिली, गाऊन सारखा केला.

"बसा," ती म्हणाली. "मी आज सगळं वेळेवर केलंय."

जन्मात पहिल्यांदा आईने तिला अहोजाहो केलं. बारकीने वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं.

"किल्ली जागेवर आहे," आई भराभर सांगत होती. "भाजी गरम आहे. कुणाशी काही बोलले नाही मी. विचारा हवं तर यांना." आणि तिने बाबांकडे बोट दाखवलं. बाबांच्या हातातली फणी हवेत थांबली होती. ते बारकीकडे बघत होते, आणि या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. ती ज्याला इतके दिवस शोधत होती ते, असेल कदाचित. पण तिला आता ते बघायला सवड नव्हती. आई समोर उभी होती आणि उत्तराची वाट बघत होती.

बारकी म्हणाली, "हो. सगळं वेळेवर झालंय."

"चुकलं नाही ना काही?"

"नाही. तुमचं काही चुकलं नाही." आणि मग तिला वाटलं, हे एवढ्यावर भागणार नाही. "कधीच काही चुकलं नव्हतं तुमचं," ती म्हणाली. "चूक माझी होती. मी मारायला नको होतं."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, भुवया आवळून. हळूहळू तिचे खांदे खाली आले. ती पुन्हा खुर्चीत बसली आणि केसांसाठी मान मागे दिली. फणी लगेच आली नाही. मागे बाबांचा श्वास ऐकू येत होता, मोठा, तलावातून वर आलेल्या माणसासारखा. मग आईने बाईला जवळ बोलावलं, आणि बारकीकडे तिरका कटाक्ष टाकून बाईच्या कानात म्हणाली, "आज मूड बरा दिसतोय. पण सांगता येत नाही."